केबलच्या दुसऱ्या टोकाला

ही गोष्ट माझी स्वतःची आहे. कुणाच्या मावसभावाच्या मित्राची नाही.

खोटी वाटली तर खुशाल सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेले नाही. भुताखेतांच्या गोष्टी ऐकून आजवर सगळ्यात मोठ्याने हसणारी बाई मीच होते.

आणि आधीच सांगते, यात अमावास्या नाही, रडणारं कुत्रं नाही, पांढरी साडी नाही. झालं ते दिवसाढवळ्या झालं. तळ्याच्या काठावर, आमच्या शेडमध्ये आणि शेडसमोरच्या उतारावर. चांगलं लख्ख ऊन होतं.

म्हणून तर जास्त भीती वाटते. अंधारात झालं असतं तर डोळ्यांना दोष देता आला असता.

आमचं काम बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं. मी आणि माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे बारक्या म्हणतात. शेडच्या दारातून त्याला तिरकं होऊन आत यावं लागतं, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. शेड बाबांची. बाबा गेले आणि ती आमच्या गळ्यात पडली.

एक गोष्ट आधी समजावून सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

छोट्या बोटीचं इंजिन मागे, बाहेरच्या बाजूला लटकलेलं असतं. चालवणारा पुढे बसतो. त्याच्या हाताशी एक दांडा असतो. दांडा मधे असला की न्यूट्रल. पुढे ढकलला की गियर पडतो आणि पाण्यातला पंखा फिरायला लागतो. दांड्यापासून इंजिनापर्यंत एक जाड केबल जाते. बाहेर नळी, आत पोलादी तार.

ही केबल जुळवायला दोन माणसं लागतात. एक पुढे दांड्यावर, एक मागे केबलच्या टोकाशी. इंजिन चालू असलं की हाका मारून घसा फुटला तरी ऐकू येत नाही. म्हणून बाबांनी एक पद्धत पाडली होती. आता अख्ख्या तळ्यावर तीच चालते. मागचा माणूस केबलच्या टोकाला हिसका देतो. पुढच्याच्या तळहाताला तो दांड्यातून कळतो.

एक हिसका म्हणजे थांब.

दोन हिसके म्हणजे माझे हात बाहेर आहेत, टाक गियर.

बस्स, एवढंच.

आणि हिसका प्रत्येकाचा वेगळा असतो. हसू नका. सही वेगळी असते तसा हिसकाही वेगळा असतो. बारक्याचा पहिला हिसका जोरात येतो आणि दुसरा अगदी हळू, पहिल्याबद्दल माफी मागितल्यासारखा. इतकी वर्षं तो हात माझ्या हातात आहे. झोपेतसुद्धा ओळखेन.

निदान मला तसं वाटत होतं...

*

त्या दिवशी सकाळी घड्याळजी बोट घेऊन आला.

बाजारात त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं छोटंसं दुकान आहे. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस. तो आणि त्याचा मोठा भाऊ, सुट्टी मिळाली की गळ घेऊन तळ्यावर यायचे. दोघांनी मिळून ही बोट जुनी, वापरलेली अशी कुठूनतरी घेतली होती.

त्या बोटीवर काय झालं ते तळ्यावर सगळ्यांना माहीत होतं.

पंख्यात गळाची दोरी अडकली होती. त्याचा दादा कंबरभर पाण्यात उतरून ती काढत होता. इंजिन चालू होतं. घड्याळजी पुढे दांड्यावर होता.

आणि घड्याळजीने गियर टाकला.

दादा दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

लोकांनी हलगर्जीपणा म्हटलं. काहींनी त्याहून वाईट म्हटलं. लोकांची तोंडं कोण धरणार? पण सगळ्यात वाईट घरात झालं. दोघा भावांचं घर एकच, दादा-वहिनी खाली आणि हा वरच्या मजल्यावर. वहिनीने आतल्या जिन्याचं दार खालून कडी घालून बंद केलं. तेव्हापासून हा मागच्या लोखंडी जिन्याने वर जातो. हाताने काहीतरी शिजवतो. एकटा जेवतो.

"ताई, केबल बघा," तो म्हणाला. "केबलमध्ये काहीतरी असणार."

"काय होतं नेमकं?"

"दांडा हाताखाली हलतो."

"आपोआप?"

तो ट्रेलरच्या दोरीची गाठ नुसती चाचपत राहिला.

"आणि टाकीचा पंपही बघा," तो मग म्हणाला. "बंद केला तरी लागतो."

या बोटींत मागच्या बाजूला एक टाकी असते. पकडलेले मासे जिवंत ठेवायला. तळ्याचं ताजं पाणी आत खेचायला तिच्या तळाशी एक लहानसा पंप असतो. बटण बिघडलं, वायर गंजली, की तो मनाला येईल तेव्हा लागतो. आमच्याकडे दर महिन्याला असे पंप येतात. त्यात काही विशेष नव्हतं.

"दोष सापडला तर मला नका सांगू," घड्याळजी म्हणाला. "माझ्या वहिनीला सांगा. एकदा घरी येऊन तिच्यासमोर तोंडाने सांगा. माझं तोंडही ती बघत नाही. तुमचं ऐकेल."

मी म्हटलं, "असला तर सापडेल. नसला तर नाही म्हणून सांगेन. माझ्याकडून खोटं वदवून घेऊ नका."

"नको. खोटं नकोच आहे मला," तो म्हणाला.

तो गेला तेव्हा बारक्या हळूच म्हणाला, "ताई, सापडू दे गं काहीतरी."

मलाही तेच वाटत होतं. अगदी मनापासून.

*

पण केबल चांगली होती.

चांगली म्हणजे नव्यासारखी. मी ती इंजिनाकडून सोडवली, दांड्याकडून सोडवली, पूर्ण बाहेर काढली. कुठे दुमडलेली नाही, नळीला चीर नाही, आत पाणी शिरलेलं नाही. तार आत-बाहेर सरकवली तर लोण्यासारखी सरकत होती. दांड्याचा डबा उघडला. तोही ठीक.

पंपाच्या जाळीत शेवाळ होतं, ते काढलं. बटण तपासलं. वायरी तपासल्या. तरी खात्री म्हणून पंपाचा फ्यूज काढला आणि खिशात टाकला. बॅटरीची वायरही सोडवली. टाकी रिकामी केली, बूच काढून खिळ्याला टांगलं.

आता पंप लागणंच शक्य नव्हतं. आणि टाकीत पाणी राहणंही शक्य नव्हतं, कारण तळाला उघडं भोक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली...

टाकी काठोकाठ भरलेली होती.

पाणी थंडगार होतं. वर शेवाळाची एक काडी तरंगत होती. बूच खिळ्यालाच होतं. आणि खालच्या भोकातून एक थेंबही गळत नव्हता.

"पाऊस पडला असेल," बारक्या म्हणाला.

"शेडच्या आत?"

"पत्रा गळत असेल."

"आणि पावसातून शेवाळ पडलं?"

तो डोकं खाजवायला लागला. मी हात बुडवून भोक चाचपलं. माझं बोट आरपार गेलं. तेवढ्यात पाणी एकदम सुटलं आणि भसाभसा खाली वाहून गेलं... जणू आतून कुणीतरी तळहात धरला होता तो काढून घेतला.

 कचरा अडकला असेल, म्हटलं. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की काहीही पटतं.

*

मग मी केबल परत बसवली. आधी फक्त दांड्याकडची बाजू. इंजिनाकडचं टोक मोकळं सोडलं होतं, नंतर बारक्यासोबत जुळवू म्हणून.

मी पुढे बसून दांड्याला ग्रीस लावत होते.

हाताखाली दांडा हलला.

एक लांबलचक ओढ... मग काही नाही.

"थांब रे, बारक्या," मी मान वर न करता म्हटलं. "अजून मी तयार नाही."

परत एक ओढ. मग तीन लहान. मग पुन्हा एक. कशाचा कशाला मेळ नाही. लहान मूल हातात आलेलं काहीही ओढत बसतं ना, तसं.

"बारक्या, चाळे बंद कर!"

तेवढ्यात शेडचं दार वाजलं. बारक्या दोन कप चहा घेऊन तिरका होऊन आत येत होता.

"मला हाक मारलीस?"

मी मागे बघितलं. इंजिनापाशी कुणी नव्हतं. केबलचं मोकळं टोक खाली लोंबत होतं.

अजून हलत होतं...

मी बारक्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "ताई, बाबा आले असतील बघायला, पोरगी ग्रीस नीट लावते की नाही." मीही हसले. पण त्या दिवशी मी त्या बोटीत पुन्हा एकटी चढले नाही.

नवी केबल घालून बघू, असं मीच ठरवलं. जुन्या केबलला काहीतरी आहे, तार आत पीळ घेत असेल, नव्या केबलने ते थांबेल. थांबलं तर दोष सापडलाच की. घड्याळजीचं काम झालं.

नवी केबल घातली.

थांबलं नाही.

फक्त बदललं.

आता ओढ लांबलचक येत नव्हती. तुटक येत होती. बारक्या आणि मी केबल जुळवत असताना आमचे हिसके चालू असायचे. आणि तो टोक खाली ठेवून पाना आणायला गेला की... थोड्या वेळाने दांड्यात एक हिसका यायचा. मग थांबून दुसरा. फार अंतराने. चुकीच्या जोराने.

पण दोनच यायचे. आता तीन नाही. चार नाही.

दुपारपर्यंत दोन हिसक्यांमधलं अंतर कमी झालं.

संध्याकाळी जाताना मी बोटीत न चढता बाहेरूनच वाकून दांड्यावर हात ठेवला. का ठेवला, माझं मलाच ठाऊक. बारक्या बाहेर कुलूप शोधत होता. मी त्याचं पुटपुटणं ऐकत होते.

पहिला हिसका आला. जोरात.

मग दुसरा... तोही जोरात.

मी हात काढून घेतला. घरी आले तरी तळहात थंड होता. नवऱ्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. काय सांगणार होते? की कुणीतरी शिकतंय?

*

तिसऱ्या दिवशी आम्ही बोट पाण्यात घातली.

जमिनीवर दोष सापडत नाही म्हटल्यावर दुसरा इलाज नव्हता. इंजिन चालवून पाण्यातच बघायला हवं होतं. घड्याळजी दोन्ही संध्याकाळी शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला होता. नुसता बघत होता. त्याच्या तोंडाकडे मला बघवत नव्हतं.

ऊन चांगलं तापलं होतं. वारा नव्हता. तळ्यावर दुसरं कुणीही नव्हतं, आणि पाण्यावर एकही पक्षी नव्हता. हे मला नंतर आठवलं.

बोट उतारालगत बांधली. बारक्या मागे कंबरभर पाण्यात उतरला. केबल आता इंजिनाला जोडलेली होती, इंजिनाचं झाकण काढलेलं होतं. पाण्यात उभं राहून हात वर केला की केबलचं टोक त्याच्या हाताशी येत होतं. मी पुढे बसले. लाल दोरी मनगटाला अडकवली. ही दोरी ओढली की इंजिन जागच्या जागी बंद पडतं. बाबांचा नियम होता, दोरी बांधल्याशिवाय किल्लीला हात नाही.

बॅटरी जोडली होती. पंपाचा फ्यूज मात्र अजून माझ्याच खिशात होता.

इंजिन सुरू केलं. कानठळ्या बसवणारा आवाज. न्यूट्रल.

दोन हिसके. मी गियर टाकला. बोट दोरांना ताण देऊन थरथरली.

एक हिसका. परत न्यूट्रल.

पुन्हा दोन. पुन्हा एक. सगळं व्यवस्थित. बारक्याचाच हात. पहिला जोरात, दुसरा हळू. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! कालचं सगळं मनाचे खेळ, असं स्वतःला म्हटलंसुद्धा.

मग बराच वेळ काही आलं नाही.

मला मागचं दिसत नव्हतं. मधे इंजिनाचं धूड होतं. आणि मागे बघायची मला सवयच नव्हती. हिसके आहेत ना, मग कशाला बघायचं? बारक्याचंही तेच. मी हिसके दिल्याशिवाय ताई गियर टाकणार नाही, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं.

बाकी कुणीही चालू इंजिनाच्या पंख्याजवळ हात नेला नसता. आम्हीच नेतो. कारण आमचा त्या केबलवर भरवसा असतो.

माझा तळहात दांड्यावर होता.

हिसका आला... जोरात.

मग दुसरा...

हळू. अगदी हळू. माफी मागितल्यासारखा.

बारक्या!

माझा हात आपणहून पुढे निघाला. त्यात विचार नव्हताच. पापणी मिटते तसा तो हात जातो. दांडा जागेवरून निसटायला लागला होता...

आणि माझ्या मागे पंप लागला, इंजिनाच्या आवाजातही पायाखालच्या थरथरीतून कळला.

घुर्र्र्र...

टाकीत पाणी पडायला लागलं. मला आधी नुसता राग आला. म्हटलं, बारक्याने फ्यूज कधी घातला?

फ्यूज तर माझ्याकडे आहे.

मी डावा हात खिशात घातला. फ्यूज होता. बोटांना काचेची नळी लागली.

दांड्यात पुन्हा हिसके आले. पहिला जोरात. दुसरा हळू.

मी लाल दोरी ओढली.

इंजिन मेलं. एकदम शांतता झाली. नुसता पंपाचा आवाज... आणि मग तोही थांबला.

"बारक्या!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

इंजिनामागून तो उठला. छातीपर्यंत भिजलेला. दोन्ही हातांना गळाची दोरी गुंडाळलेली.

"बंद का केलंस?" तो म्हणाला. "दोरी अडकली होती पंख्यात. निघतच आली होती. न्यूट्रलमध्येच होतं ना?"

"तू हिसके दिलेस?"

"कधी? दोन्ही हात पाण्यात होते माझे."

"आता दिलेस का? दोन?"

"ताई, हे बघ ना हात!"

त्याने दोन्ही हात वर केले. दोरीतून पाणी टपकत होतं. ते दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते...

आणि माझ्या तळहाताखाली दांडा हलला.

जोरात. हळू.

जोरात. हळू.

जोरात, हळू, जोरात, हळू. आता घाईने. चिडल्यासारखा.

बारक्या केबलच्या टोकाकडे बघत होता. ते त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं. त्याने काय बघितलं ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही. एवढंच सांगितलं की टोक नुसतं हलत नव्हतं, दाबल्यासारखं दिसत होतं. चिमटीत धरल्यावर दिसतं तसं.

तो पाण्यातून मागे मागे सरकत बाहेर आला आणि उतारावर मटकन बसला. एवढा थोराड माणूस, पण दात वाजत होते. मी त्याचे हात हातात घेतले आणि बोटं मोजली. हो, मोजली. दहाच्या दहा. मग पुन्हा मोजली. आणि मग मला जे रडू फुटलं, ते बाबा गेले तेव्हाही फुटलं नव्हतं.

*

घड्याळजीकडे मी त्याच दिवशी गेले. ओल्या कपड्यांनीच बारक्याही आला. मला एकटीला सोडायला तो तयार नव्हता, आणि खरं म्हणजे त्याला एकट्याला सोडायला मी तयार नव्हते.

दुकानात तो एकटाच होता. डोळ्याला भिंग लावून बसला होता. आमच्याकडे बघितलं आणि भिंग काढून खाली ठेवलं.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"पंप आधी लागला का?" त्याने विचारलं. "की नंतर?"



"दोन हिसक्यांनंतर," मी म्हणाले.

"माझ्या वेळी आधी लागला होता." तो बारक्याच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सुरुवातीला वेडेवाकडे यायचे ना? मला वाटलं, केबल सैल असेल. दादाला म्हटलंही होतं. तो म्हणाला, बघू सवडीने. मग सुधारत गेले."

मी त्याला त्यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. लांबलचक ओढीचं नाही, तीन हिसक्यांचं नाही. बारक्याशिवाय कुणालाच नाही.

"तुम्ही आधी का नाही बोललात?" बारक्या ओरडला. "मी मेलो असतो!"

"बोललो होतो हो," घड्याळजी म्हणाला. "सगळ्यांना सांगितलं होतं. दादाने हिसके दिले म्हणून मी गियर टाकला. वेडा झाला म्हणाले. मेलेल्या माणसावर ढकलतो म्हणाले. तुम्हालाही सांगितलं असतं तर तुम्ही बोटीला हात लावला असता?"

बारक्याने नजर खाली वळवली.

"आणि ताई, तो दादाचाच हात होता." आता त्याचा आवाज फुटला. "लहानपणापासून ज्याचं बोट धरून चाललो तो हात मला कळणार नाही? दादाचाच होता. म्हणून मी वळून बघितलं नाही."

मी त्याच्या समोर उभी होते आणि मला कळत होतं, या माणसाने चूक केलेली नाही. मी जे करणार होते तेच याने केलं होतं. तेवढंच, तसंच. फक्त माझ्या वेळी पंप उशिरा लागला, हात निघाल्यावर, म्हणून मी थांबले.

आणि दुसरी एक गोष्ट कळत होती, ती मला नकोशी वाटत होती. घड्याळजीला ते हिसके आले तेव्हा त्याचा दादा जिवंत होता. पाण्यात उभा होता. तेव्हा हे जे काही आहे, ते दादा नाही. ते आधीपासूनच तिथे होतं.

*

शब्द दिला होता, म्हणून आम्ही वहिनीकडे गेलो. घड्याळजी वर गेला, मागच्या लोखंडी जिन्याने. त्याची पावलं ऐकू येत होती.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी सगळं सांगितलं. केबल नवी, फ्यूज खिशात, बारक्याचे हात वर. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. त्या घड्या घालतच होत्या. एकच टॉवेल पुन्हा पुन्हा उलगडत होत्या आणि घडी करत होत्या.

"केबलमध्ये दोष होता, असं सांगायला आलात ना?" त्या म्हणाल्या.

"नाही. केबल चांगली आहे. दोष सापडला नाही मला."

"मग?"

"मग एवढंच, की तुमच्या दिरांच्या जागी मी होते. आणि माझाही हात निघाला होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बारक्याकडे. बारक्याने उगाच हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले. त्याला वाटलं असावं, आपले धडधाकट हात या बाईला दाखवू नयेत.

"यांचा हात ओळखायचे भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "मला नसता ओळखता आला. त्यांना यायचा."

मग त्या उठल्या. आतल्या जिन्याच्या दारापाशी गेल्या. कडी जाम झाली होती. बारक्या पुढे व्हायला निघाला, मी त्याचा शर्ट धरून ठेवला. त्यांनी स्वतःच दोन्ही हातांनी ती खेचून काढली. दार उघडलं. वर अंधारात, शेवटच्या पायरीवर घड्याळजी बसला होता. कधीपासून बसला होता कोण जाणे.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "जेवलात का?"

 आम्ही चपला घातल्या आणि निघालो. तिथे आमचं काम नव्हतं.

*

इथे संपलं असतं तर मी ही गोष्ट लिहायला बसले नसते.

बोट आमच्याकडेच आहे. शेडच्या मागे, ट्रेलरवर. घड्याळजी म्हणाला, तोडून टाका, मला तिचा तुकडाही नको. मीही हो म्हटलं.

आता तिच्यात बॅटरी नाही. पंप मी उपटून काढला. दांडा आणि इंजिन मात्र अजून जागेवर आहेत, आणि दोन्हींच्या मधे ती केबल आहे, आता दोन्ही टोकांना जाम, पहिल्यासारखी सुटत नाही. इंजिन बोल्टांवरून उतरवायचं तर एकाने मागे उभं राहून ते पेलावं लागतं आणि एकाने पुढे दांड्याशी बसून केबल सैल सोडत राहावं लागतं. एकट्याने होण्यासारखं नाही. माझा सगळा जन्म या कामात गेला, दुसरी रीत मला माहीत नाही.

मी तळ्यावरच्या दोघा-तिघा मेकॅनिकांना विचारलं. बोट कुठली ते कळल्यावर सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

बारक्या म्हणतो, "ताई, एकदाचं करून टाकू. मी मागे उभा राहतो."

मी रोज काहीतरी कारण काढते.

त्याला वाटतं, मी त्याच्यासाठी घाबरते. खरं आहे ते. पण सगळं खरं मी त्याला सांगितलेलं नाही. त्याने मागे उभं राहून मला हाक मारली, हिसके दिले, काहीही केलं, तरी मागे जो आहे तो बारक्याच आहे, हे मी कशावरून ओळखायचं?